वाट शिकविणारें विमान

विमान म्हटलें कीं आपल्या मनांत प्रथम वेगाची कल्पना उभी राहते. मुंबईहून निघालेला मनुष्य नऊ-दहा तासांत लंडनला पोंचतो. मध्यंतरीं कोणते डोंगर ओलांडले, कोणत्या नद्या खालून गेल्या, याची त्याला दादहि नसते. आज मी ज्या विमानाविषयीं आपल्याशीं बोलणार आहें, त्याची थोरवी याच्या अगदीं उलट गोष्टींत आहे. तें फार हळू चालतें. ताशीं चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर हा त्याचा वेग. खालच्या सडकेवरून जाणारी मोटारसायकल त्याला सहज मागें टाकील. तरीहि या विमानानें जर्मनी, फ्रान्स व स्पेन हे तीन देश ओलांडून सुमारें २३०० किलोमीटरांची मजल मारली आहे. आणि त्या प्रवासांत त्याच्या मागोमाग, शाळेचीं मुलें सहलीला निघावींत त्याप्रमाणें, तीसांहून अधिक काळीं पांखरें उडत गेलीं आहेत.

विमान पुढें कां, पांखरें मागें कां, आणि मनुष्यानें हा खटाटोप कशासाठीं मांडला, हें आज सांगावयाचें आहे. माझें सारें आयुष्य मुलांना शिकविण्यांत गेलें. म्हणूनहि असेल कदाचित्, पण या हकीकतींत मला यंत्रविद्येपेक्षां शिक्षणाचाच प्रश्न अधिक मोठा दिसतो. एका पिढीचें ज्ञान दुसऱ्या पिढीला न पोंचतां मध्येंच तुटलें, तर तें पुन्हां जोडतां येतें काय, असा तो प्रश्न आहे.

प्रथम विमानाची ओळख करून देतों. या जातीच्या विमानांना इंग्रजींत मायक्रोलाइट म्हणतात. आपण त्यांना अतिहलकीं विमानें म्हणूं. युरोपांतील नियमांनीं बरींच वर्षें अशा दोन आसनी विमानाचें वजन, माणसें व पेट्रोल यांसकट, सुमारें ४५० किलोग्रॅमच्या आंत ठेवलें होतें, म्हणजे एखाद्या लहानशा मोटारीच्या निम्म्याएवढें. २०१८ सालच्या कायद्यानें ही मर्यादा ६०० किलोग्रॅमपर्यंत वाढविण्याची मोकळीक त्या त्या देशाला मिळाली. यांतील कांहीं विमानांना नेहमींसारखे ताठ पंख असतात. कांहींना पतंगासारखा त्रिकोणी कापडी पंख असून त्याखालीं तीन चाकांचा एक पाळणा टांगलेला असतो. आणि कांहींना पंखच नसतो. त्याच्या जागीं हवेनें फुगणारी एक मोठी हवाई छत्री असते. पाळण्याच्या पाठीमागें यंत्र व पंखा, पुढें चालक, त्याच्या मागें आणखी एक मनुष्य, आणि भोंवतालीं सगळें मोकळें आकाश. कांच नाहीं, छप्पर नाहीं, भिंत नाहीं.

युरोपांतील हौशी मंडळी अशा विमानांतून देशोदेशीं हिंडतात. हा प्रवास वरून दिसतो तितका सोपा नव्हे. टाकींत मावेल तेवढेंच पेट्रोल. तें संपण्यापूर्वीं उतरण्याजोगें पुढचें मैदान गांठलें पाहिजे. ज्याचा वेग ताशीं पंचेचाळीस, त्याच्यासमोरून वीसाचा वारा वाहूं लागला तर जमिनीवर त्याची प्रगति पंचवीसाचीच होते, आणि नकाशावर दोन तासांचा असलेला टप्पा प्रत्यक्षांत चार तासांच्या घरांत जातो. सकाळीं हवा शांत असते. ऊन वाढून जमीन तापली म्हणजे हवेचे लोट वर उठूं लागतात, आणि इतकें हलकें वाहन त्या लोटांत नावेसारखें हेलकावे खाऊं लागतें. म्हणून उजाडतांच निघावयाचें, ऊन चढण्यापूर्वीं उतरावयाचें, धुकें असेल तर दिवसभर बसून राहावयाचें. या प्रवाशाला उडण्याच्या विद्येइतकीच थांबण्याची विद्या शिकावी लागते.

या लहानशा वाहनांनीं मोठमोठ्या मजला मारलेल्या आहेत. १९८८ सालीं मुंबईचे उद्योगपति विजयपत सिंघानिया हे अशाच एका विमानांतून इंग्लंडहून भारतापर्यंत तेवीस दिवसांत आले. १९९८ सालीं ब्रायन मिल्टन या इंग्रज गृहस्थानें कापडी पंखाच्या विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे साहसाचे विक्रम झाले. माझ्या आजच्या विषयांत विक्रमाला स्थान नाहीं. तेथें एक जीवजात जगेल कीं नाहीं, असा सवाल आहे.

आतां त्या पांखराकडे वळूं. आपल्या तळ्यांच्या कांठीं, नांगरलेल्या शेतांत, लांब वांकडी चोंच चिखलांत खुपसून किडे शोधणारा शराटी पक्षी आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. पांढरा शराटी आणि काळा शराटी हे दोन्ही महाराष्ट्रांत आढळतात. त्यांच्याच कुळांतला एक भाऊबंद पूर्वीं मध्य युरोपांत राहत असे. जर्मन भाषेंत त्याला वाल्डराप म्हणतात. अंगावर काळीं पिसें, त्यांवर उन्हांत हिरवी-जांभळी झांक. चोंच तांबडी व बांकदार. डोकें मात्र साफ टकलें, आणि मानेवर पिसांची विसकटलेली शेंडी. देखणा असें त्याला कोणी म्हणणार नाहीं. परंतु स्वभावानें तो मोठा कुटुंबवत्सल व घोळक्यानें राहणारा आहे.

कोन्राड गेस्नर या स्विस पंडितानें १५५५ सालीं छापलेल्या पक्ष्यांवरील ग्रंथांत याचें वर्णन केलें, आणि त्याचीं पिलें खावयास रुचकर लागतात हेंहि नमूद करून ठेवलें. कडेकपारींत व जुन्या गढ्यांच्या भिंतींत घरटें करणाऱ्या या पक्ष्याला हीच रुचि भोंवली. साल्झबुर्गच्या आर्चबिशपानें १५०४ सालींच त्याच्या रक्षणासाठीं फर्मान काढलें होतें. पण फर्मानानें भूक व हौस या दोन्ही थांबत नाहींत. सतराव्या शतकांत मध्य युरोपांतून हा पक्षी नाहींसा झाला. तो इतका पुरता नाहींसा झाला कीं पुढील विद्वानांना गेस्नरचें वर्णन ही कल्पित कथा वाटूं लागली. गेस्नरनें वर्णिलेला पक्षी आणि पश्चिम आशियांत अजून जिवंत असलेला टकल्या शराटी हे एकच होत, हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्षिशास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें.

पूर्वेकडेहि त्याचे दिवस सुखाचे राहिले नाहींत. तुर्कस्तानांत फुरात नदीच्या कांठीं बीरेजिक नांवाचें गांव आहे. तेथील लोक या पक्ष्याचें आगमन म्हणजे वसंताचें आगमन मानून उत्सव करीत. शेतावर फवारलेल्या विषारी औषधांनीं हा थवाहि खंगला, आणि १९८९ च्या सुमारास तेथील रानटी वस्ती संपली. मोरोक्कोच्या समुद्रकांठीं मात्र कांहीं पक्षी टिकून राहिले. तिकडून पूर्वीं आणलेल्या पक्ष्यांची प्रजा युरोपांतील प्राणिसंग्रहालयांत वाढली होती. मग कोणी म्हणेल, पिंजऱ्याचें दार उघडा म्हणजे झालें. पक्षी उडून जातील आणि पूर्वींप्रमाणें राहूं लागतील.

येथेंच या गोष्टीची खरी गांठ आहे. वाल्डरापचा सारा प्रपंच त्याच्या चोंचीवर चालतो. मऊ जमिनींत चोंच खुपसावी, अळ्या व गांडुळें काढावींत, हें त्याचें जगणें. आल्प्सच्या उत्तरेस हिवाळ्यांत जमीन गोठून दगडासारखी होते. मग ही चोंच निकामी होते. म्हणून शरद्‌ऋतूंत दक्षिणेस जाणें हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. ऋतु पालटतांच त्याच्या अंगांत जाण्याची हुरहूर उपजते, ती रक्तांतून येते. परंतु कोठें जावयाचें, हें रक्तांतून येत नाहीं.

पक्ष्यांच्या सर्वच जाती अशा नाहींत. युरोपांतील कक्कू पक्षी आपल्या कोकिळेप्रमाणें परक्याच्या घरट्यांत अंडें घालतो. त्याच्या पिलाला आईबापांचें दर्शनहि होत नाहीं; तरी तें पिलूं वेळ येतांच एकटें निघून थेट आफ्रिका गांठतें. त्याचा नकाशा जन्माबरोबरच आलेला असतो. हंस, क्रौंच आणि हा वाल्डराप यांचें तसें नाहीं. यांचीं पिलें पहिल्या वर्षीं वडीलधाऱ्यांच्या मागें उडत जातात, वाट पाहून ठेवतात, आणि पुढें ती जन्मभर विसरत नाहींत. वडीलधारेच नाहींसे झाले कीं नकाशा जळाला. प्राणिसंग्रहालयांतून मोकळे सोडलेले पक्षी शरद्‌ऋतूंत अस्वस्थ होऊन उडाले. पण कोणी पूर्वेस, कोणी उत्तरेस, असे दिशाहीन भटकले. पक्षी वांचला होता, परंतु त्याची वाट मेली होती.

याच गोष्टीनें आपल्या देशाचेंहि नुकसान झालेलें आहे. सैबेरियाचा शुभ्र क्रौंच हिवाळ्यांत राजस्थानांतील भरतपूरच्या पाणथळीवर येत असे. वाटेंत बंदुकी होत्या, पाणथळी आटत होत्या. थवा वर्षावर्षाला लहान होत गेला. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तो भरतपुरास आला नाहीं. या जातीचे पक्षी आजहि चीनमध्यें हिवाळा काढतात. परंतु भरतपूरची वाट ठाऊक असलेले पक्षी उरले नाहींत, म्हणून ते आपल्याकडे येत नाहींत. तळें आहे, पाणी आहे, पक्ष्याची जातहि पृथ्वीवर आहे. मधली ओळख तेवढी तुटली.

ही ओळख मनुष्याला पुन्हां जोडून देतां येईल काय? पहिला धागा ऑस्ट्रियाच्या कोन्राड लोरेंझ या शास्त्रज्ञानें दाखविला होता. अंड्यांतून बाहेर आलेलें हंसाचें पिलूं ज्याला प्रथम पाहतें त्यालाच आई मानून त्याच्या मागें चालूं लागतें, हें त्यानें सविस्तर अभ्यासिलें. प्राण्यांच्या वर्तनाविषयींच्या संशोधनाबद्दल १९७३ सालीं त्याला दोघां सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें कॅनडांतील बिल लिशमन या कलावंतानें अशी कल्पना केली कीं, पिलें जर मनुष्याच्या मागें चालतात, तर मनुष्य उडूं लागल्यास तीं त्याच्या मागें उडतीलहि. १९९३ सालीं त्यानें आपल्या सहकाऱ्यासह अतिहलक्या विमानांतून अठरा हंसांना कॅनडांतून अमेरिकेच्या व्हर्जिनिया संस्थानापर्यंत नेलें. या प्रयोगावरून १९९६ सालीं एक चित्रपटहि निघाला. त्या चित्रपटानें ऑस्ट्रियांतील योहान्नेस फ्रिट्स या जीवशास्त्रज्ञाच्या मनांत वाल्डरापविषयींचा विचार पेटविला. २००२ सालीं त्यानें आपली मंडळी जमविली आणि स्वतः विमान चालविण्यास शिकला.

यांतील शिक्षणक्रम ऐकण्यासारखा आहे. पिलें अवघ्या कांहीं दिवसांचीं असतांना घरट्यांतून उचलून दोन तरुण बाया त्यांचा सांभाळ करतात. पहांटेपासून अंधार पडेपर्यंत त्यांनीं पिलांजवळ असावयाचें, हातानें भरवावयाचें, त्यांच्याशीं बोलावयाचें. इतर कोणी मनुष्यानें जवळ यावयाचें नाहीं. कारण पिलांना सर्व माणसांची भीड मोडली, तर पुढें तीं कोणाहि बंदूकवाल्याच्या पायांशीं जाऊन बसतील. या दोन धात्री पिवळा पोषाख घालतात, म्हणजे पिलांना त्या लांबूनहि ओळखूं येतात. पंख फुटले कीं यंत्राच्या आवाजाची संवय, मग मैदानांत उभ्या असलेल्या विमानाची संवय, मग थोडें थोडें मागें उडणें. हें सारें साधलें म्हणजे ऑगस्ट महिना उजाडतो, आणि शाळेची खरी परीक्षा सुरू होते.

आतां विमान हळू कां पाहिजे, हें आपल्या ध्यानांत येईल. हा पक्षी प्रवासांत ताशीं सुमारें पंचेचाळीस किलोमीटर वेगानें उडतो. विमान त्याहून वेगानें गेलें तर विद्यार्थी मागें राहतात, दमतात, आणि मागच्या मुक्कामाला परत फिरतात. म्हणून या मंडळींनीं हवाई छत्रीचें विमान पसंत केलें. त्याची एक गंमत अशी कीं यंत्राचा जोर वाढविला तर तें वेगानें न जातां वर चढतें, आणि जोर कमी केला तर खालीं उतरतें. पुढें जाण्याचा वेग जवळजवळ एकच राहतो. पंख्याभोंवतीं जाळी असते, म्हणजे एखादें पिलूं लगट करूं लागलें तर त्याला इजा होऊं नये. मागच्या आसनावर धात्री बसते, आणि हातांतील कर्ण्यांतून पिलांना हांका मारीत राहते. पायांखालीं शेतें, नद्या, गांवें. आणि शेजारीं, हात लांबविला तर लागेल असें वाटावें इतक्या जवळ, आपलीं वाढविलेलीं पांखरें. ज्या मनुष्यानें हा प्रवास केला त्यानें युरोप जसा पाहिला असेल तसा आगगाडींतून किंवा जेट विमानांतून कोणाला दिसणार नाहीं.

तथापि हा प्रवास सुखाचा मात्र नसतो. जमिनीवरून मोटारींचा एक तांडा, घड्या घालतां येणारे पिंजरे, पेट्रोल व दाणागोटा घेऊन मागोमाग येत असतो. वारा पडण्याची वाट पाहत एकेका मुक्कामीं दिवसांमागून दिवस जातात. एखाद्या दिवशीं पांखरें उडतच नाहींत. एखाद्या दिवशीं अर्ध्या टप्प्यावरून चार-दोन माघारीं फिरतात. त्यांना पकडून पेटींत घालून पुढें न्यावें लागतें, आणि पेटींतल्या प्रवासांत वाट डोळ्यांखालून जात नाहीं, याची शिक्षकाला रुखरुख लागते. धाक दाखवून पुढें ढकलण्याची येथें सोय नाहीं. पांखरूं आपण होऊन मागें येईल तरच येईल. त्याचा विश्वास संपादन झाला असेल तितकेंच अंतर विमान जाऊं शकतें.

२००४ सालीं पहिला थवा अशा रीतीनें आल्प्स ओलांडून इटलींतील टस्कनी प्रांतांत, ऑर्बेटेल्लोच्या खाडीजवळील राखीव वनांत सुखरूप पोंचला. परंतु नेऊन पोंचविणें ही अर्धीच परीक्षा. पक्षी वयांत येईपर्यंत दोन-तीन वर्षें दक्षिणेंतच राहतात. वयांत आल्यावर वीण करण्यासाठीं ते स्वतः उत्तरेस परत येतील काय? एकदांच, एकाच दिशेनें दाखविलेली वाट त्यांना उलट दिशेनें सांपडेल काय? तेथें पुढें विमान नाहीं, हांक मारणारी धात्री नाहीं. मंडळी वाट पाहत राहिली. २०११ सालीं गोया नांवाची एक मादी टस्कनींतून निघून, एकटी आल्प्स ओलांडून, जर्मनींतील बुर्गहाऊझेन येथें येऊन उतरली. शतकांनंतर या जातीच्या पक्ष्यानें आपल्या बुद्धीनें हा प्रवास पुरा केला. शिक्षकाला याहून मोठें वेतन कोणतें?

आणि पुढच्याच वर्षीं, २०१२ सालीं, हीच गोया इटलींत एका शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली. श्रोतेहो, इतक्या वर्षांच्या श्रमानंतर हातीं आलेली पहिली विद्यार्थिनी अशी जावी, यानें कोणाचेंहि मन खचलें असतें. परंतु या मंडळींनीं उलट निराळा धडा घेतला. पक्ष्यांच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारीं लहान यंत्रें बसविलीं, आणि कोणता पक्षी आज कोठें आहे हें सर्व लोकांना पाहतां येईल अशी व्यवस्था केली. ज्या पक्ष्याला नांव आहे आणि ज्याचा ठावठिकाणा हजारों घरांतून पाहिला जातो, त्याच्यावर बंदूक रोखणें तितकें सोपें राहत नाहीं. बंदुकीचा धोका आजहि आहे, आणि विजेच्या खांबांवर बसून मरणारे पक्षीहि पुष्कळ आहेत. तरी बुर्गहाऊझेन, साल्झबुर्गजवळील कुख्ल, बोडन सरोवराकांठचें युबरलिंगेन अशा ठिकाणीं हे पक्षी पुन्हां वीण करूं लागले; मोठे पक्षी आपल्या पिलांना स्वतःच वाट दाखवूं लागले; आणि वीस वर्षांत शून्यावरून त्यांची संख्या दोनशेंच्या वर गेली.

इतकें जुळून आल्यावर निसर्गानें नवाच पेंच टाकला. पृथ्वीवरील हवामान तापत चाललें आहे. उत्तरेकडील शरद्‌ऋतु आतां लांबतो. जमीन लवकर गोठत नाहीं, खाद्य मिळत राहतें, म्हणून पक्षीहि लवकर निघत नाहींत. ते निघतात तेव्हां दिवस लहान झालेला असतो, आणि डोंगरावरून पक्ष्याला उचलून धरणारे उष्ण हवेचे लोट थांबलेले असतात. मग थवा आल्प्सच्या पायथ्याशीं येऊन अडकतो, फिरून प्रयत्न करतो, फिरून मागें येतो; आणि हिमवर्षावांत उपाशी मरूं नये म्हणून त्याला पकडून मोटारीनें डोंगरापलीकडे सोडावें लागतें. मोठ्या कष्टानें शिकविलेला धडा परिस्थिति पालटल्यामुळें अपुरा पडूं लागला. अशा वेळीं हट्टानें जुनाच धडा घोकवीत राहणारे शिक्षक मीं पाहिले आहेत. फ्रिट्स व त्याचे सहकारी यांनीं नवा धडा तयार केला. आल्प्स टाळून पश्चिमेस फ्रान्समधून जावयाचें, भूमध्य समुद्राच्या कांठाकांठानें स्पेनमध्यें उतरावयाचें, आणि अगदीं दक्षिणेस अँडालुसिया प्रांत गांठावयाचा. तेथें व्हेहेर नांवाच्या गांवाजवळच्या कड्यांवर, २००४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या एका उपक्रमामुळें, याच जातीच्या पक्ष्यांची वस्ती अगोदरच नांदत होती. २०२३ सालीं हा नवा प्रवास प्रथम घडला. वाटेवर सहा आठवड्यांहून अधिक काळ लागला. आरंभीं मीं ज्या २३०० किलोमीटरांचा उल्लेख केला तो हाच प्रवास.

या पक्ष्यांनीं शिकतां शिकतां आपल्यालाहि एक गोष्ट शिकविली. थवे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारांत कां उडतात, याविषयीं पुष्कळ तर्क होते. विमानामागें उडणाऱ्या चौदा वाल्डरापांच्या पाठीवर सूक्ष्म यंत्रें बांधून त्यांच्या जागेची व पंखांच्या हालचालीची नोंद घेण्यांत आली, आणि २०१४ सालीं ती ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पुढच्या पक्ष्याच्या पंखाच्या टोकाबाहेर हवेचा प्रवाह वर उसळतो. मागचा पक्षी नेमकी तीच जागा धरतो, आणि आपल्या पंखांचा ताल त्या उसळीशीं जुळवून श्रम वांचवितो, असें त्यांत दिसून आलें. मग पुढचा बिचारा एकटाच राबतो काय? २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या लेखानें याचें उत्तर दिलें. पक्षी आळीपाळीनें पुढें होतात. आणि ज्यानें जितका वेळ सोबत्याच्या मागें उडून लाभ घेतला, तितकाच वेळ तो त्याच्या पुढें राहून लाभ देतो. या हिशेबाला तेथें कारकून नाहीं आणि पंचायतहि नाहीं.

या उद्योगावर आक्षेप नाहींत असें नाहीं, आणि ते सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. अमेरिकेंत हूपिंग क्रेन नांवाचा क्रौंच १९४१ च्या सुमारास अवघा वीस-बावीस उरला होता. त्याची नवी वस्ती उभारण्यासाठीं २००१ पासून २०१५ पर्यंत दरवर्षीं अतिहलक्या विमानांनीं पिलांना विस्कॉन्सिन संस्थानांतून फ्लोरिडापर्यंत नेण्यांत आलें. पिलांना मनुष्याचें वळण लागूं नये म्हणून तेथील लोक पांढरी झूल पांघरून, क्रौंचाचें सोंग घेऊन वावरत. पांखरें वाट उत्तम शिकलीं. परत येण्यांतहि चुकलीं नाहींत. परंतु मोठेपणीं स्वतःचीं पिलें वाढविण्यांत तीं कमी पडूं लागलीं. कारणें अनेक असतील; तथापि मनुष्याच्या हातीं वाढल्यानें त्यांचें कांहीं तरी शिकावयाचें राहून गेलें, असें तेथील सरकारी खात्याला वाटलें, आणि २०१६ सालीं विमानाचा उपक्रम बंद करण्यांत आला. वाट शिकविणें म्हणजे जीवन शिकविणें नव्हे, हा इशारा विसरून चालणार नाहीं. वाल्डरापच्या बाबतींत गोष्ट बरी ठरली, कारण विमानामागें आलेले पक्षी मोठे होऊन घरटीं करूं लागले, पिलें वाढवूं लागले, आणि तीं पिलें आपल्याबरोबर घेऊन जाऊं लागले.

दुसरा आक्षेप असा कीं, एका टकल्या पांखरासाठीं एवढा व्याप कशाला? त्याला माझें उत्तर साधें आहे. हें पांखरूं निसर्गाच्या कोपानें गेलें नव्हतें. मनुष्यानें त्याचीं घरटीं लुटलीं म्हणून तें गेलें. ज्यानें वाट मोडली त्यानेंच ती बांधून द्यावी, यांत उपकार कसला? शिवाय वाट मोडण्यास जेवढी अक्कल लागली, तिच्या शतपट ती बांधण्यास लागते, हें या निमित्तानें सर्वांना डोळ्यांनीं पाहतां आलें. भरतपूरच्या रित्या पाणथळीसमोर उभें राहून आपणहि तें ओळखण्यासारखें आहे. जें पांखरूं आज आपल्या गांवच्या तळ्यावर येतें, त्याची वाट राखण्यास विमान लागत नाहीं. तळें राखलें तरी पुरे होतें. तें एकदां यावयाचें थांबलें म्हणजे मग विमान, धात्री, मोटारी, आणि वीस-वीस वर्षांचा धीर यांची गरज पडते.

शेवटीं एवढेंच सांगतों. दक्षिणेंतील कड्यांपाशीं पोंचल्यावर ती मंडळी पांखरांना तेथील थव्यांत मिसळूं देतात. कांहीं दिवस धात्री जवळपास असतात, मग त्या येणें कमी करतात, आणि एके दिवशीं निघून जातात. ज्यांना पांच दिवसांचीं असल्यापासून घांस भरविला, त्यांना असें सोडून येतांना डोळे भरून येत असतील. पण मागें वळून हांक मारावयाची नाहीं, असा त्यांचा नेम आहे. कारण या साऱ्या उद्योगाचें यश मोजण्याचें माप एकच आहे: यंदा किती पांखरें विमानामागें गेलीं हें नव्हे, तर किती पिलें विमानावांचून, आपल्याच आईबापांच्या मागें गेलीं, हें. तो आंकडा पुरेसा मोठा झाला म्हणजे हें हळू चालणारें विमान कायमचें जमिनीवर उतरेल, आणि त्याच्या चालकाला त्यांत आनंदच वाटेल.